खाली थेंब नाही, तरी पाणी कमी: जुन्या गाडीतल्या कूलंट गळतीचं एक प्रकरण

गाडी २००६ सालची. डिझेल, सात आसनी, अडीच लिटरचं इंजिन, मीटरवर २ लाख ११ हजार किलोमीटर. मालक निवृत्त माध्यमिक शिक्षक, राहणार चिपळूणजवळ. ओळख पटू नये म्हणून गाडीची कंपनी आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत. बाकीचं आमच्या गॅरेजच्या जॉबकार्डावरून आणि सरांच्या वहीवरून उतरवलं आहे. खरं तर गळती त्या वहीनेच शोधली, आम्ही नुसते स्पॅनर फिरवले.

पार्श्वभूमी

सरांची मुलगी कराडला. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं, हा नेम. एरवी गाडी गावातल्या गावात, दिवसाला आठ-दहा किलोमीटर. मार्च २०२१ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, तपासणी करून पाच वर्षांची फेरनोंदणी घेतलेली. म्हणजे मार्च २०२६ पर्यंत कागद ठीक. २०२४ च्या मे महिन्यात गाडी आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांहूनही कमी मुदत उरली होती. गाडीवर किती खर्च करायचा, या प्रश्नात ही तारीख सारखी आडवी येत होती.

तक्रार एप्रिलच्या मध्यात सुरू झाली. घाट चढताना काटा नेहमीपेक्षा थोडा वर गेला आणि वर पोचल्यावर रेडिएटरशेजारच्या बाटलीतून पाणी उतू गेलं. पहिल्या गॅरेजने गळती बुजवायची पावडर टाकली आणि विहिरीच्या पाण्याने रेडिएटर भरून दिला. ‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, कोकणात काय गरज’ असा सल्लाही दिला. (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह तो.) सरांनी तो ऐकला नाही, बरं केलं. व्हॉल्व्ह काढलेलं डिझेल इंजिन गावातल्या फेऱ्यांत कधी धड तापतच नाही आणि डिझेल मात्र जास्त पितं.

मेच्या सुरुवातीला दुसऱ्या गॅरेजने रेडिएटरची टोपी बदलली, होजच्या, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्यांच्या, चार क्लिपा नव्या घातल्या. बाटलीतून उतू जाणं थांबलं. पण पाणी कमी होणं थांबलं नाही, उलट वाढलं. तेव्हा निदान झालं, ‘हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवून प्लेन करावं लागेल. तीस हजार धरा.’ (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील.)

सर आमच्याकडे आले ते तीस हजारांच्या धास्तीने. त्यात मुलीची बाळंतपणाची तारीख २० जून. मृग लागायच्या आत गाडी घाट चढण्याजोगी हवी होती.

नेमकी अडचण काय होती

पाणी सारखं कमी होत होतं. घरी फरशीवर, गाडी उभी असते तिथे एक थेंब नाही. सरांनी रात्री खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली होती, सकाळी कोरडी. गाडीच्या आत गालिचा कोरडा. ऑइलची कांडी स्वच्छ, दुधाळ काही नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

थेंब न सांडता पाणी जात असेल तर ते इंजिनाच्या आतच जळतंय, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथून हेड गॅस्केटवर उडी पडते. पण दुसरीही वाट असते. थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा इंजिनाच्या अंगावर पडतो आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आत वाफ होऊन जातो. तिसरी वाट अशी की गळती फक्त चालत्या गाडीत होते आणि घरी उभ्या गाडीत दाब उतरला की बंद होते. या तिन्ही वाटा वेगळ्या करून बघायच्या होत्या.

इथे दाबाबद्दल दोन वाक्यं लिहायला हवीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेडिएटरची टोपी म्हणजे नुसतं झाकण नव्हे, तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. या गाडीच्या टोपीवर ०.९ छापलंय, म्हणजे ०.९ बार, गॅरेजच्या भाषेत १३ पाउंड. इतका दाब होईपर्यंत टोपी पाणी सोडत नाही. एरवी १०० अंशांना उकळणारं साधं पाणी त्या दाबाखाली ११८ च्या पुढे उकळतं. निम्मं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्राव), निम्मं पाणी असेल तर सव्वाशेच्या आसपास. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ म्हणणाऱ्यांना हे सांगून मी थकलो आहे. गंज रोखणारी रसायनंही त्या कूलंटमध्येच असतात, विहिरीच्या पाण्यात नसतात.

आमच्यापुढचे पर्याय

सरांसमोर बसून पर्याय मांडले. पहिला, काहीच करायचं नाही, पाण्याची बाटली सोबत ठेवायची आणि भरत राहायचं. कुंभार्लीसारख्या घाटात, गरोदर मुलगी किंवा तान्हं बाळ गाडीत असताना, हा पर्याय सरांनीच बाद केला.

दुसरा, पुन्हा काहीतरी टाकून बुजवणं. सरांचा पुतण्या ट्रकवर असतो, त्याने हळद सुचवली होती. हळद टाकून घाट पार केलेले ट्रक मी पाहिले आहेत. रात्री दोन वाजता आडरानात तो उपाय सोन्यासारखा. पण हळद असो वा पावडर, भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांत ती फरक करत नाही. रेडिएटरशेजारच्या बाटलीच्या तळाशी आधीच तपकिरी चिखल बसला होता.

तिसरा, थेट हेड उतरवणं. चौथा, एकेक शक्यता तपासून खोडत जाणं. त्यात वेळ जातो आणि ‘आज काय केलंत’ या प्रश्नाला दाखवायला काही नसतं. सर म्हणाले, “खोडत जाऊ या. आयुष्यभर पेपर तपासले, अजून थोडे तपासू.”

पहिलं पाऊल: हेड गॅस्केटची शंका

हेड उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासता येतात आणि तिघींना मिळून तासभरही लागत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि वरचा होज हाताने दाबून धरला. गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू पाण्यात घुसत असेल तर इंजिन तापायच्या आतच होज टणक होतो. इथे मऊच राहिला. मग टोपी उघडी ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे पाहिले, नव्हते. शेवटी निळ्या द्रावाची नळी लावली. रेडिएटरमधली हवा त्या द्रावातून ओढायची; ज्वलनाचा वायू असेल तर रंग बदलतो. दोनदा केली, द्राव निळाच राहिला.

गॅस्केटचा विषय तिथे मिटला. तीस हजार वाचले म्हणून सरांचा चेहरा खुलला, आणि मला वाटतं तिथेच आम्ही थोडे सैल झालो.

निर्णयाचं पहिलं वळण, आणि आमची चूक

२० मेला दाबाची परीक्षा घेतली. टोपीच्या जागी हातपंप बसवायचा, ०.९ बारपर्यंत हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. पंधरा मिनिटांत काटा ०.९ वरून ०.८ च्या जवळ आला. म्हणजे गळती आहे. पण ओल कुठेच दिसेना.

समोरून बॅटरी मारली तर वॉटर बॉडीच्या (इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली, बेअरिंग आणि सील यांच्यामध्ये जे बारीक भोक ठेवलेलं असतं त्याच्याखाली, पांढरट हिरवा थर जमलेला. ते भोक मुद्दाम ठेवतात. सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडतं आणि मेकॅनिकला चाहूल लागते. पुली हलवून पाहिली, किंचित खेळ जाणवला. वय २ लाख किलोमीटर. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मीच म्हणालो, वॉटर बॉडी बदला.

२१ तारखेला बदलली. सगळं पाणी काढलं, चिखल निघेपर्यंत आतून धुतलं, नवं कूलंट निम्म्याला निम्मं भरलं. पुन्हा पंप लावला. वीस मिनिटं काटा ०.९ वर खिळलेला! गाडी दिली.

२५ मेला सर कराडला जाऊन आले. बाटलीत पुन्हा पाव लिटरहून जास्त घट.

नंतर उलगडलं ते असं. पहिल्या परीक्षेत काटा उतरला तो गाडीमुळे नव्हे, आमच्या पंपामुळे. पंपाच्या अडॅप्टरमधला रबरी वॉशर वाळून कडक झाला होता. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी आमच्या गॅरेजमधल्या मुलाने सवयीने त्याला ग्रीस लावलं, तो घट्ट बसला, काटा थांबला आणि श्रेय नव्या वॉटर बॉडीला गेलं. तो पांढरट थर जुना, कधीकाळी सील बसण्याआधी पाझरून वाळलेला. काढलेली वॉटर बॉडी टेबलावर ठेवून फिरवली तर अजून वर्षभर तरी चालली असती.

वॉटर बॉडीचे सामानासह ३,६०० रुपये झाले होते. मजुरी आम्ही सोडली. सामानाचे पैसे परत देऊ केले, सरांनी घेतले नाहीत. म्हणाले, “चुकीचं उत्तर असलं तरी पायऱ्या बघून अर्धे गुण देतात.” मला ते अर्धे गुणही जड गेले.

वही

त्या रात्री ठरवलं की ‘कुठून गळतं’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि आधी ‘केव्हा गळतं’ ते शोधायचं. सरांना सांगितलं, रोज सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी एकाच जागी उभी असताना बाटलीतली पातळी मोजा. सरांनी बाटलीवर औषधाच्या पट्टीचा एक तुकडा चिकटवला, त्यावर मोजपट्टीने सेंटीमीटर आखले. आम्ही मापाच्या कपाने पाणी ओतून ठरवलं की एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ७० मिलिलिटर.

वहीतल्या नोंदी शाळेच्या हजेरीसारख्या. २७ मे, सकाळी साडेसहा, ६.४. २८ मे, ६.४. २९ मे, ६.४. ३० मे, ६.३. ३१ मे, ६.४. पाच दिवस गावातल्या फेऱ्या, पाणी जागचं हललं नाही. १ जूनला कराड. २ जूनला सकाळी २.६. एका घाटात ३.८ सेंटीमीटर म्हणजे साधारण २६५ मिलिलिटर.

आणि १ जूनच्या नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने: ‘हेळवाक, चहा. ही म्हणते गुऱ्हाळाचा वास येतो.’

हेळवाक म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारं गाव. सरांनी ते असंच, गंमत म्हणून लिहिलं होतं. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अहो, गाडी थांबवून बॉनेटजवळून गेले तर काकवी उकळल्यासारखा वास. आधी कधी आला नव्हता.” आधी येणारही नव्हता, कारण आधी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी होतं. आम्ही चुकून का होईना वॉटर बॉडी बदलली आणि नवं कूलंट भरलं, म्हणून वास आला. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि वासालाही गोडसर असतं. (त्याच कारणाने कुत्री ते चाटतात आणि मरतात. काढलेलं कूलंट आम्ही गटारात सोडत नाही, झाकणाच्या डब्यात भरतो.)

या दोन नोंदींनी पुष्कळ सांगितलं. गळती फक्त चढावर, म्हणजे इंजिन पुरेसं तापून दाब टोपीच्या मर्यादेजवळ गेल्यावरच. वास इंजिन बंद केल्यावर. चालत्या गाडीत वाफ वाऱ्याबरोबर मागे जाते. थांबल्यावर वॉटर बॉडी फिरायची थांबते, हेडमधली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि काही मिनिटं दाब उलट वाढतो. गळती असेल तर तिची ती सगळ्यात बोलकी वेळ. आम्ही मात्र थंड गाडीवर पंप लावून बसलो होतो.

टोपीचं कोडंही इथेच सुटलं. सर कुठलाही जुना भाग टाकत नाहीत. दुसऱ्या गॅरेजने काढलेली टोपी डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवली होती. ती पंपावर तपासली, ०.५ बारलाच उघडली. एप्रिलमध्ये बाटली उतू जात होती ती या थकलेल्या टोपीमुळे. दुसऱ्या गॅरेजने ती बदलली हे बरोबरच केलं. पण ढिल्या टोपीने गाडीत पूर्ण दाब कधी होऊच दिला नव्हता. नवी टोपी बसल्यावर पहिल्यांदा ०.९ दाब आला आणि दुसरीकडची कमजोर जागा उघडी पडली. सरांना वाटत होतं की नव्या टोपीने गाडी बिघडवली, आणि त्यात एका अर्थी तथ्य होतं.

रात्रीची तपासणी

२ जूनला कूलंटमध्ये जांभळ्या (यूव्ही) प्रकाशात पोपटी चमकणारा रंग टाकला. तो पाण्यात मिसळणाराच लागतो. एसीसाठी वापरतात तो तेलात मिसळणारा, इथे उपयोगाचा नाही. इंजिन आधी पूर्ण धुऊन कोरडं केलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

३ जूनला संध्याकाळी मी आणि सर गाडी घेऊन घाट चढलो. हेळवाकला चहा घेतला, दहा मिनिटं थांबलो, परत आलो. साडेआठला गॅरेजचे दिवे मालवले आणि जांभळ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन मी गाडीखाली शिरलो.

समोर काहीच नाही. रेडिएटर, खालचा होज, नवी वॉटर बॉडी, सगळं काळं. मागे सरकलो तर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या घंटेसारख्या आवरणाच्या वरच्या कडेला पोपटी रेघ. ती रेघ खाली येता येता एक्झॉस्ट पाइपापाशी संपत होती. तिथे पाइपावर नखाएवढा पांढरा डाग. थेंब जमिनीपर्यंत का पोचत नव्हता, ते कळलं.

निर्णयाचं दुसरं वळण: गिअरबॉक्स उतरवायचा का?

इंजिन ब्लॉकच्या मागच्या बाजूला पत्र्याचं गोल बूच असतं. ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं त्या बुचांनी बंद करतात. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलं की ती बुचं आतून गंजतात. ओल तिथेच खाली दिसत होती. आमचे जुने मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, लगेच म्हणाले, “बूचच आहे. गिअरबॉक्स उतरवू. क्लच पण बघता येईल, दोन लाखांवर झालीय गाडी.”

बोलण्यात तथ्य होतं. क्लचचं काम कधीतरी निघणारच होतं. पण गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन दिवस, सात हजारांच्या आसपास मजुरी, आणि क्लच प्लेट हातात आली की ती बदलल्याशिवाय कुणी परत बसवत नाही. बिल सरळ वीस हजारांपुढे जाणार. मुलीच्या तारखेला सतरा दिवस, गाडीच्या कागदांना एकवीस महिने.

मी थांबलो ते वॉटर बॉडीचा चटका ताजा होता म्हणून. भाऊंना म्हटलं, पाणी वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत मागेही जातं; आपण रेघेचं खालचं टोक पाहतोय, वरचं अजून पाहिलेलं नाही. भाऊ पुटपुटले, पण आरसा आणायला उठले.

आरशात नीट दिसेना. शेवटी मुलाने मोबाइलला लावायचा वायरचा कॅमेरा आणला, जेमतेम करंगळीएवढा. तो फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत) आणि इंजिन यांच्यामधल्या बोळातून सोडला. पोपटी रेघ वर, वर, ब्लॉकच्या बुचाच्याही वर जात होती. बुचाच्या कडा कोरड्या. रेघ जिथून सुरू होत होती तिथे गाडीच्या आतल्या हीटरकडून गरम पाणी परत आणणारा लोखंडी पाइप होता, बोटाहून थोडा जाड, ब्लॉकच्या मागून वळणारा. त्याला धरून ठेवणारी पट्टीची क्लिप, आत रबराचं अस्तर. त्या क्लिपच्या खालच्या कडेवर पोपटी थेंब लटकत होता. आम्ही चौघे मोबाइलच्या पडद्याकडे बघत होतो. तो पडला, नवा आला.

दुसऱ्या दिवशी क्लिप काढली. बोल्ट सुटला आणि अस्तरामधून वाळलेल्या मातीची एक चकती गळून हातावर पडली. राखाडी, पिठासारखी बारीक, थर थर असलेली. चिपळुणात ती माती ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराने शहरभर सोडली होती तीच ही.

सर गप्प झाले. मग म्हणाले, “बॉनेटपर्यंत पाण्यात होती गाडी. सीटा नवीन घातल्या, सगळी ऑइलं बदलली. मागे कोण बघतं.”

क्लिपखाली पाइपाला गंजाचे पापुद्रे आले होते. टाचणीच्या टोकाने टोकरलं तर टाचणी आत गेली. अस्तरात अडकलेली माती तीन पावसाळे ओल धरून बसली होती आणि पाइप बाहेरून खात होती. थंड गाडीवर गळती का दिसत नव्हती, याचा आमचा अंदाज असा की क्लिपचं रबर आणि पहिल्या गॅरेजच्या पावडरीचा गाळ मिळून ते भोक इंजिन थंड असताना दाबून धरत असावं. घाटात पाइप तापला, रबर मऊ झालं, दाब वाढला की पाझर सुरू.

केलेली दुरुस्ती

पाइपाबद्दलही तीन-चार मतं आली. झाळायचा म्हटलं तर आजूबाजूचा पत्रा इतका पातळ की एक भोक बुजवताना दोन पडतील. नवा मागवायचा तर तीन-चार आठवडे, तेही नक्की नाही. जुन्या बाजारातला आणायचा तर तो त्याच वयाचा. शेजारच्या नळकामवाल्याने प्रेमाने जस्ताचा पाइप देऊ केला. तो घ्यायचा नव्हता. ग्लायकॉलच्या कूलंटमध्ये जस्त टिकत नाही, त्यातल्या गंजरोधकांशी भांडतं आणि गाळ करतं.

मृगाच्या आधी गाडी द्यायची होती म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. ४ जूनला हीटरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाटा एका चांगल्या हीटर होजने आपसांत जोडून टाकल्या. बूच मारून बंद नाही केल्या, कारण थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला कित्येक इंजिनांत ही हीटरची वाटच कामी येते. खर्च अडीचशे रुपये. कोकणात हीटर कोण लावतो, काचेवरचं धुकं एसीने जातं.

जुलैत गाडी पुन्हा घेतली. लेथवाल्याकडून लोखंडी पाइप वाकवून घेतला, दोन्ही तोंडांना होज निसटू नये म्हणून कंगोरा काढला, बाहेरून रंग दिला. क्लिप नवी घातली आणि अस्तराखाली पाणी साचणार नाही अशी खालच्या बाजूला उघडी ठेवली. १,८०० रुपये.

परिणाम

८ जूनला सर कराडला जाऊन आले. सकाळी ६.४, दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४. बाळंतपणाच्या आठवड्यात दोनदा घाट, ६.३. जुलैत नवा पाइप बसल्यावर आतली हवा निघाली म्हणून ५.९ वर आलं, भरून ६.४ केलं. ऑक्टोबरअखेर ६.२. चार महिन्यांत दोन मिलिमीटर, ते वहीच्या पेन्सिलीच्या जाडीचंही असू शकतं.

क्लचला हात लावला नाही. तो घसरायला लागला की बघू, असं सरांशी बोलून ठरलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी इंजिन धुणं. ते केलं असतं तर जुना पांढरा थर निघून गेला असता आणि वॉटर बॉडीवर संशयच आला नसता.

परीक्षा घेणाऱ्या पंपाची परीक्षा. आता आमच्याकडे एक बूच बसवलेला पाइपचा तुकडा आहे. पंप आधी त्याला लावायचा, दहा मिनिटं काटा थांबला तरच गाडीला लावायचा. याला दहा मिनिटं लागतात, आणि या प्रकरणात आमचे दोन दिवस आणि सरांचे ३,६०० रुपये त्या दहा मिनिटांअभावी गेले.

एका वेळी एकच बदल. वॉटर बॉडी, कूलंट आणि आतली धुलाई एकाच दिवशी केल्यामुळे काटा कशामुळे थांबला हे सांगायची सोयच राहिली नाही. अर्थात पाणी न काढता वॉटर बॉडी बदलता येत नाही, त्यामुळे हे म्हणणं सोपं आणि पाळणं कठीण आहे.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पुराचा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आम्ही चिपळूणचे, आमच्या स्वतःच्या गॅरेजच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण अजून आहे, आणि तरी गाडीच्या सीटा नव्या कोऱ्या दिसल्या म्हणून ती गाडी पुरात असेल असं मनात आलं नाही. खरं तर जुन्या गाडीत सीटा नव्या कोऱ्या, हीच खूण होती. आता जॉबकार्डावर किलोमीटरच्या रकान्याशेजारी एक रकाना हाताने आखला आहे: ‘२१ च्या पाण्यात होती का? कुठपर्यंत?’ गेल्या पावसाळ्याआधी अशा दोन गाड्यांच्या मागच्या क्लिपा सोडवून पाहिल्या. एकीत माती होती, पाइप अजून शाबूत होता. दुसरीत काहीच नव्हतं.

भाऊंचं म्हणणं मात्र अजून असं की गिअरबॉक्स उतरवला असता तरी पाइप दिसलाच असता. दिसला असता, हे खरं आहे.

काढलेली वॉटर बॉडी फळीवर आहे. सर ऑइल बदलायला आले की आधी तिच्याकडे बघतात आणि मग विचारतात, “खपली का रे माझी?”